न थांबणारा पंप: जहाजावरच्या व्हॅक्यूम टॉयलेटचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

जहाज मालवाहू. अकोमोडेशनचे, म्हणजे राहण्याच्या भागाचे, पाच डेक (मजले), त्यात २८ टॉयलेट आणि माणसं २२. मी थर्ड इंजिनियर म्हणून चढलो तेव्हा जहाज एका लांबलेल्या अँकरेजवरून (नांगर टाकून थांबायची जागा) निघून पुढच्या बंदराकडे चाललं होतं. सांडपाणी प्रक्रिया संयंत्र आणि व्हॅक्यूम युनिट माझ्या ताब्यात आलं. आधीच्या इंजिनियरने दिलेल्या हँडओव्हरच्या कागदावर या युनिटबद्दल एकच ओळ होती: दोन्ही पंप सतत चालू ठेवावेत, नाहीतर वरच्या डेकवर फ्लश होत नाही.

त्या ओळीचा अर्थ लागायला मला पाच दिवस लागले. हे प्रकरण त्या पाच दिवसांचं आहे. जहाज, कंपनी, माणसं यांची ओळख काढून टाकली आहे. आकडे आमच्या गेजवरचे (दाबमापकावरचे) आहेत, दुसऱ्या जहाजावर ते थोडे वेगळे असतील.

ही यंत्रणा चालते कशी

घरच्या टॉयलेटमध्ये मैला वाहून नेतं ते पाणी आणि उतार. व्हॅक्यूम टॉयलेटमध्ये हे काम हवा करते. नळीत कायम हवेचा दाब कमी ठेवलेला असतो. आमच्याकडे तो बाहेरच्या हवेच्या तुलनेत उणे ०.३५ ते उणे ०.५० बार असा (बार हे दाबाचं एकक). बटण दाबलं की भांड्याच्या तळाचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह काही क्षण उघडतो आणि खोलीतली हवा भांड्यातलं सगळं पुढे घालून नळीत घुसते. फ्लशचा तो दणकेबाज आवाज त्या हवेचा. एका फ्लशला पाणी लागतं साधारण एक लिटर आणि हवा जाते साठ लिटरच्या आसपास. व्हॉल्व्ह मिटल्यावर थोडं पाणी आणखी येतं आणि भांड्याच्या तळाशी वाटीभर उरतं. हे उरलेलं पाणी पुढे या गोष्टीत महत्त्वाचं ठरणार आहे.

आमच्या टॉयलेटच्या आत वीज नव्हती. बटण दाबल्यावर कंट्रोलरला जी ताकद मिळते ती नळीतल्याच व्हॅक्यूमची. म्हणून व्हॅक्यूम पडला की फ्लश नुसता कमजोर होत नाही, व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो किंवा उघडतच नाही.

व्हॅक्यूम तयार करायचं काम खाली इजेक्टर करतो. टाकीतलंच सांडपाणी सेंट्रिफ्यूगल पंप उचलतो आणि एका निमुळत्या नॉझलमधून जोरात सोडतो. त्या धारेच्या बाजूला दाब कमी होतो आणि मुख्य नळीतली हवा मैल्यासकट ओढली जाते. मध्ये एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, पंप थांबल्यावर टाकीतली हवा उलटी नळीत जाऊ नये म्हणून. उणे ०.३५ला पंप सुरू, उणे ०.५०ला बंद. एक पंप कामावर, दुसरा राखीव. युनिटपासून वर तीन उभ्या लाइन जातात: पोर्ट (जहाजाची डावी बाजू), मधली आणि स्टारबोर्ड (उजवी). प्रत्येकीच्या पायथ्याशी एक आयसोलेटिंग व्हॉल्व्ह, ती लाइन वेगळी बंद करायला.

मैला नळीतून एकसंध धारेसारखा वाहत नाही. तो गोळ्यागोळ्याने जातो. प्रत्येक फ्लशला काही मीटर पुढे सरकतो, मग थांबतो. आडव्या नळीत ठरावीक अंतरावर मुद्दाम खोलगट वळणं ठेवलेली असतात. तिथे मैला साचून नळीचं तोंड भरतो आणि पुढच्या फ्लशच्या हवेला ढकलायला काहीतरी मिळतं. त्यामुळे टॉयलेटमध्ये बादलीने पाणी ओतणं या यंत्रणेला अजिबात मानवत नाही. वळणं पाण्याने भरून जातात आणि हवेची वाट बंद होते.

अडचण

वरच्या दोन डेकवरून रोज तक्रार यायची. फ्लश मंद, भांड्यात मैला तसाच, कधी दोन-तीन वेळा बटण दाबावं लागतं. मेसमनने (जेवणघर आणि केबिनची साफसफाई पाहणारा) आपल्या परीने उपाय सुरू केला होता: बादलीने पाणी. खाली इंजिन रूममध्ये दोन्ही पंप चोवीस तास चालू. पंपाच्या बॉडीवर हात ठेववत नव्हता. टाकीतल्या पाण्याचं तापमान ४४ अंश. त्यावर करड्या फेसाचा जाड थर, आणि वास असा की माणूस संयंत्राजवळ उगाच उभा राहणार नाही. एका पंपाच्या मेकॅनिकल सीलमधून (फिरत्या दांड्याभोवतीची गळतीरोधक जोडणी) थेंब थेंब गळत होतं.

हे दुष्टचक्र होतं. तेच पाणी पुन्हा पुन्हा पंपातून फिरतं, म्हणून तापतं. तापलेलं, फेसाळ पाणी इजेक्टरमध्ये नीट धार धरत नाही, म्हणून व्हॅक्यूम कमी पडतो, म्हणून पंप आणखी चालतो. वर मैला पचवणारे जिवाणू इतक्या उष्णतेत टिकत नाहीत, त्यामुळे प्रक्रियाही कोलमडत होती.

चार दिवसांनी बंदर होतं. आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे मार्पोलचं चौथं परिशिष्ट, सांगतं की प्रक्रिया न केलेलं मैलापाणी जवळच्या किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडेच सोडायचं, तेही जहाज किमान ४ नॉट (तासाला ४ सागरी मैल) वेगाने चालत असताना आणि माफक प्रमाणात. बारीक करून निर्जंतुक केलेलं ३ मैलांच्या पलीकडे. बंदरात यातलं काही चालत नाही. तिथे पाणी बाहेर सोडायचं तर संयंत्र नीट चालतंय हाच एक मार्ग. समुद्रात असेपर्यंतच काय ते करून घेणं भाग होतं.

पहिला दिवस वाया गेला

पहिल्या दिवशी मी पंप उघडला. इंपेलर (पंपाचं फिरतं चाक) पाहिला, त्याच्यासमोरच्या वेअर प्लेटचं अंतर मोजलं, नॉझलमध्ये टॉर्च मारून पाहिलं, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचं रबर तपासलं, गळका सील बदलला. पाच तास गेले. सील सोडला तर सगळं ठीक होतं आणि सील बदलल्याने व्हॅक्यूममध्ये काडीचाही फरक पडला नाही.

पंप उघडण्यामागे विचार काय होता, तर पंप माझ्या हाताशी होता. अवजारं तिथे, फिटर तिथे, मॅन्युअल तिथे. दोष वर पाच डेकच्या छतांमागे कुठेतरी असेल आणि तो शोधायला लोकांच्या केबिनमध्ये जावं लागेल, ही शक्यता मला नको होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असा तो दिवस.

ज्या चाचणीला दहा मिनिटं लागली असती ती मी केली नव्हती: तिन्ही लाइनचे व्हॉल्व्ह बंद करून युनिट एकटं किती व्हॅक्यूम ओढतं आणि धरून ठेवतं ते पाहणं.

संध्याकाळी सेटिंग पाहिलं तेव्हा दुसरी गोष्ट कळली. कुणीतरी पंप बंद होण्याचा आकडा उणे ०.५०वरून उणे ०.६०वर नेला होता. हेतू चांगला असणार: व्हॅक्यूम जास्त, फ्लश जोरात. पण आमचा इजेक्टर उणे ०.५५च्या पुढे जातच नव्हता. म्हणजे पंपाला थांबायचा क्षण कधी येतच नव्हता.

इथे मला हे प्रकरण उलगडायला लागलं. व्हॅक्यूम यंत्रणेत पंप किती वेळ थांबतो हेच सगळ्यात बोलकं मोजमाप आहे. कुणी फ्लश करत नसताना पंप जितका वेळ शांत राहतो, तितकी लाइन हवाबंद. ती शांतता मोजायला वेगळं यंत्र लागत नाही, घड्याळ पुरतं. सेटिंग बदलणाऱ्याने नेमकी तीच शांतता पुसून टाकली होती. गळती लहान असताना दिसली असती. पंप अखंड चालू ठेवल्याने ती झाकली गेली आणि आत वाढत राहिली.

कोणते पर्याय होते

रात्रीच्या जेवणानंतर चीफ इंजिनियरच्या ऑफिसमध्ये बसलो. सेकंड इंजिनियरही होते.

आहे तसंच बंदरापर्यंत रेटायचं, हा पहिला पर्याय. दोन्ही पंप चालू, लोकांना थोडी कळ काढायला सांगायची, बंदरात किनाऱ्यावरून माणूस बोलवायचा. यात आज कुणाची गैरसोय वाढत नव्हती. पण राखीव पंप नावालाही उरला नव्हता. एक बंद पडला असता तर २८ टॉयलेट एकदम गेली असती.

सेकंड इंजिनियरांचं म्हणणं, लाइनमध्ये तीव्र ॲसिड सोडावं. नळ्या आतून क्षाराने भरल्या असणार, ते विरघळलं की सगळं सुटेल. त्यांचा अंदाज अर्धा बरोबर होता, हे दोन दिवसांनी कळलं. मला दोन भीती होत्या. क्षार सगळा एकसारखा विरघळत नाही, त्याचे पोपडे सुटतात आणि पुढच्या वळणात जाऊन अडकतात. आज मंद असलेली लाइन उद्या पूर्ण बंद. दुसरी भीती मोठी. मेसमन टॉयलेट धुवायला क्लोरीनचं ब्लीच वापरत होता, त्याच्या स्टोअरमध्ये कॅन पाहिले होते. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो बंद बाथरूममध्ये सुटला तर आत असलेल्या माणसाला बाहेर यायलाही वेळ मिळणार नाही. ब्लीच थांबवून लाइन धुऊन निघाल्याशिवाय ॲसिड नको, यावर मी अडून राहिलो.

तिसरा पर्याय लाइन एक एक करून वेगळी काढायचा. सेटिंग मूळ जागी आणायचं, एक पंप बंद करायचा आणि मध्यरात्री, फ्लश थांबलेले असताना, मोजायचं.

चीफ म्हणाले, "आणि सकाळी सहाला सगळे उठले नि व्हॅक्यूमच नसला तर? वीस माणसं माझ्या दारात उभी राहतील."

"सर, दुसरा पंप ऑटोवर ठेवतो. उणे ०.३०च्या खाली गेलं की तो आपोआप लागेल. पण रात्रीचे दोन तास मला एकच पंप द्या."

त्यांनी थोडा विचार केला. "दोन ते चार. चारला मला फोन कर, काय दिसलं ते सांग. आणि कुठलीही लाइन पंधरा मिनिटांच्या वर बंद ठेवायची नाही. रात्री उठणारा उठतोच."

ही अट योग्य होती. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त गेज होतं, त्यांच्या डोक्यात माणसं.

रात्री दोनची चाचणी

दोनला सेटिंग पुन्हा उणे ०.३५ आणि उणे ०.५०वर आणलं. तिन्ही लाइन उघड्या, एक पंप. पंप उणे ०.५०ला पोचायला दीड मिनिट लागलं, मग तो थांबला. तीन आठवड्यांत बहुधा पहिल्यांदाच. गेजचा काटा लगेच परत निघाला. सत्तर सेकंदांत तो उणे ०.३५वर आला आणि पंप पुन्हा लागला. दहा वेळा मोजलं, पाच-सात सेकंदांच्या फरकाने तेच.

मग तिन्ही व्हॉल्व्ह बंद केले. युनिट एकटं काही सेकंदांत उणे ०.५०ला गेलं आणि काटा तिथेच उभा राहिला. दहा मिनिटं हलला नाही. पंप, इजेक्टर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, सगळे निर्दोष. आदल्या दिवशीचे पाच तास मला इथे आठवले.

पोर्ट लाइन एकटी उघडली: काटा जेमतेम हलला. मधली एकटी: तसंच. स्टारबोर्ड एकटी उघडली आणि काटा डोळ्यांदेखत घसरला. उणे ०.५०वरून उणे ०.३५, पंचवीस सेकंद.

तिन्ही लाइन मिळून सत्तर सेकंद आणि एकटी स्टारबोर्ड पंचवीस, यात विसंगती नाही. गळती तीच, पण एका लाइनमध्ये व्हॅक्यूमचा साठा तिसरा हिस्सा, म्हणून तो लवकर संपला. किंबहुना हा मेळ बसला म्हणूनच मला खात्री पटली की गळती फक्त स्टारबोर्डला आहे.

तिथेच वहीत हिशेब मांडला. आमची नळी ५० मिमी, सगळी मिळून साधारण २०० मीटर. ५० मिमीच्या नळीत मीटरला दोन लिटरला किंचित कमी जागा असते, म्हणजे एकूण ३९० लिटर. व्हॅक्यूम ०.१५ बारने उतरायला त्यात साठेक लिटर बाहेरची हवा शिरावी लागते. ती सत्तर सेकंदांत शिरत होती, म्हणजे मिनिटाला पन्नास लिटर. एवढी हवा जायला ३ मिमीचं भोक पुरतं. आणि एका फ्लशची हवा साठ लिटर. म्हणजे काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोड्याच जाड फटीतून जहाजावर जवळपास दर मिनिटाला एक फ्लश होत होता, रात्रंदिवस. दिवसाला बाराशे. खरी माणसं दिवसभरात करतात ते शंभर-दोनशे.

चारला चीफना फोन केला. "स्टारबोर्ड," एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "झोप आता. केबिन सकाळी नऊनंतर."

कुलूप लावलेली केबिन

स्टारबोर्ड लाइनवर दहा टॉयलेट. व्हॅक्यूमची गळती शोधताना साबणाचं पाणी उपयोगाचं नाही, बुडबुडा यायला हवा बाहेर यावी लागते आणि इथे ती आत जाते. त्याऐवजी दाढीचा फेस जोडावर लावायचा. गळती असेल तिथे फेसात खळी पडते. भांड्यासाठी टिश्यू पेपर. आम्ही तक्रारी होत्या तिथून, वरून सुरुवात केली. एकेक टॉयलेट पाहायचं: तळाला पाणी आहे का, ते टिकतंय का, कान लावला तर सूं आवाज येतोय का. नळ्यांच्या सगळ्या कपलिंगना फेस.

नऊ टॉयलेट झाली. काही नाही. दहावं सगळ्यात खालच्या डेकवर, एका रिकाम्या जादा केबिनमध्ये. शेजारी एअर कंडिशनिंगची खोली, तिथे पंख्यांचा आवाज इतका की दारात उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही. दाराला कुलूप. फिटर म्हणाला, "इथे कुणी राहत नाही साहेब, वापरच नाही." मलाही क्षणभर वाटलं की सोडून द्यावं.

किल्ली आणून दार उघडलं. बाथरूमचं दार ओढायला जोर लागला, मग ते सुटलं आणि आत कानाला लागला तो बारीक, अखंड सूंसूं आवाज. भांडं कोरडं ठाक. मी टिश्यूचा कपटा भोकापाशी धरला, तो हातातून ओढला गेला आणि व्हॉल्व्हच्या रबराला जाऊन चिकटला. तिथेच थरथरत राहिला.

व्हॉल्व्ह उतरवला. रबराच्या ओठाखाली पोछ्याचा एक पांढरा सुती दोरा अडकला होता, बोटाएवढा लांब. त्याच्या दोन्ही बाजूंनी क्षार धरून तो दगडासारखा घट्ट झालेला. नखाने खरवडला तर भुकटी पडली, दोरा निघाला नाही. रबर त्या जागी कायमचं दबून गेलं होतं.

घडलं असं असणार: केबिन साफ करताना पोछ्याची बादली भांड्यात ओतली, फ्लश केला, दोरा ओठात सापडला. वापरातलं टॉयलेट असतं तर पुढच्या फ्लशला दोरा निघून गेला असता. निदान तळाच्या पाण्याने फट काही प्रमाणात झाकली असती. इथे फटीतून पाणी ओढलं गेलं, नवं आलं नाही आणि उरली ती फक्त हवा. ऐकायला कुणी नव्हतं. तक्रार वरच्या डेकवरून आली, कारण वरची टॉयलेट युनिटपासून सगळ्यात लांब आणि व्हॅक्यूम उतरला की पहिली झळ शेवटच्या टोकाला बसते.

नवं रबर बसवलं, कंट्रोलरचा फिल्टर साफ केला, दहा वेळा फ्लश करून पाहिला. त्या रात्री पंप चाळीस मिनिटं शांत राहिला. दुसरा पंप खऱ्या अर्थाने राखीव झाला.

दुसरं दुखणं

तक्रार मात्र पूर्ण गेली नाही. पोर्टची टॉयलेट कडक चालू लागली. स्टारबोर्डच्या वरच्या दोन डेकवर पहिला फ्लश चांगला, पाठोपाठ दुसरा केला तर लुळा.

सगळ्यात वरच्या टोकाला हातातलं गेज लावलं. उणे ०.४७. खाली युनिटवरही उणे ०.४७. चीफ म्हणाले, "मग बरोबर आहे की. आता काय राहिलं?"

हा निर्णयाचा दुसरा टप्पा, आणि इथे थांबणं फार सोपं होतं. पण स्थिर गेज नळीच्या जाडीबद्दल काही सांगत नाही. हवा वाहत नसेल तर सुईएवढ्या भोकातूनही दोन्ही बाजूंचा दाब यथावकाश सारखा होतो. अडथळा दिसतो तो हवा वाहताना. म्हणून फ्लश केला आणि काटा पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं. पोर्टला वरच्या टोकाला चार सेकंद. स्टारबोर्डला तीस.

मग मधल्या डेकवरच्या साफसफाईच्या तोंडाला गेज लावून तीच चाचणी. तिथे पाच सेकंद. म्हणजे अडथळा त्याच्या वर. आणखी एक डेक वर: अठ्ठावीस. अशी लाइन अर्धी अर्धी करत दीड मीटरच्या तुकड्यापर्यंत आलो: आडवी नळी, एक खोलगट वळण आणि पुढचा बेंड, छताच्या पॅनेलमागे.

उघडायच्या आधीची तयारी इथे नीट सांगतो, कारण या कामात माणसं जखमी होतात ती घाईमुळे. लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून टॅग लावला. व्हॅक्यूम सावकाश सोडला. त्या लाइनवरच्या दहाही टॉयलेटचं पाणी बंद केलं आणि दारांवर कागद लावले, दुपारी कोणतं टॉयलेट वापरायचं ते त्यावर लिहून. साचलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, पेट घेणारा आणि फसवा. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकाची जाणीवच बधिर होते आणि माणसाला वाटतं वास गेला, म्हणजे वायू गेला. म्हणून नाकावर विसंबायचं नाही. गॅस मीटर चालू ठेवून तो नळीच्या तोंडाशी धरला, पंखा लावला, एक माणूस दारात फक्त लक्ष ठेवायला उभा केला. हातमोजे, गॉगल, चेहऱ्यावर शील्ड, खाली बादली आणि ताडपत्री.

कपलिंग सरकवलं. ५० मिमीच्या नळीत माझा अंगठा जेमतेम गेला. बाकी सगळा पिवळट तपकिरी दगड, थरावर थर, हातोडीने ठोकला तर खणखणीत वाजणारा. आतली वाट २० मिमीची उरली होती. व्यास दोन पंचमांश, म्हणजे क्षेत्रफळ सहाव्या हिश्श्याहून कमी.

हा दगड लघवीतूनच तयार होतो. लघवीतल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, त्याने पाण्याचा सामू (पीएच) वर चढतो आणि मग कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट विरघळलेले राहत नाहीत. ते नळीच्या भिंतीला धरतात. मैला जिथे थांबून राहतो, म्हणजे वळणात आणि बेंडवर, तिथे सगळ्यात जास्त. पाणी जड असेल तर वेग वाढतो. समुद्राच्या पाण्याने फ्लश करणाऱ्या जहाजांना याचा त्रास अधिक होतो, कारण त्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर. आमच्या जहाजाने अँकरेजवर दोन महिने किनाऱ्यावरून घेतलेलं जड पाणी वापरलं होतं, कारण किनाऱ्याजवळच्या पाण्यावर बाष्पीभवन यंत्र चालवत नाहीत. आणि त्याच दोन महिन्यांत आठवड्याचा ॲसिडचा डोस बंद होता. रसायन संपलं होतं, पुरवठा लांबला, रोजच्या यादीतून ते काम हळूच गळालं.

तुकडा तिथे ठोकून साफ करायचा की बदलायचा? फिटरला ठोकायचा होता. मी बदलायला सांगितला, कारण ठोकताना सुटणारे तुकडे पुढच्या वळणात जाणार. स्टोअरमधल्या नळीचा तुकडा बसवला. जुना डेकवर सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून ठेवला. त्यावर तासभर बारीक बुडबुडे येत होते. दोन दिवसांनी क्षार पेननाइफच्या पात्याने ओल्या खडूसारखा निघाला.

काय निष्पन्न झालं

बंदराला लागायच्या आदल्या रात्रीचे आकडे असे: स्टारबोर्डच्या वरच्या टोकाला काटा पाच सेकंदांत पूर्ववत. एकच पंप, दिवसाला अडीच तासांच्या आसपास. आधी दोन्ही मिळून अठ्ठेचाळीस तास चालत होते. टाकीचं तापमान ३३ अंश. फेस उतरला.

जिवाणूंना वेळ लागला. ब्लीचचे सगळे कॅन मेसमनच्या स्टोअरमधून काढून टाकले, त्याजागी जैविक संयंत्राला चालणारा क्लीनर दिला. लिटरभर पाणी उभ्या काचेच्या भांड्यात अर्धा तास ठेवून गाळ किती बसतो ते रोज पाहत होतो. पहिले काही दिवस नुसतं गढूळ करडं पाणी. साधारण दोन आठवड्यांनी तळाला तपकिरी गाळ आणि वर नितळ पाणी दिसायला लागलं. बंदरातले दिवस त्यामुळे धास्तीत गेले. संयंत्र चालत होतं, पण बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या दर्जाबद्दल मला समाधान नव्हतं आणि तसं मी चीफना सांगितलं. त्यांनी बंदरात असेपर्यंत ते पाणी होल्डिंग टाकीतच (साठवण टाकी) वळवलं.

ॲसिडचा डोस लाइन ब्लीचमुक्त झाल्यावर सुरू केला. सौम्य, सायट्रिकवर आधारलेला, आठवड्यातून एकदा, रात्री, एका वेळी एकाच लाइनवर. दुसऱ्या दिवशी टाकीचा सामू तपासायचा, तो फार खाली गेला तर पुढचा डोस कमी.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी तीन व्हॉल्व्ह बंद करून पाहीन. पंप उघडण्याच्या आधी, मॅन्युअल काढण्याच्याही आधी.

मेसमनशी मी तिसऱ्या दिवशी बोललो, ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं. बादलीचं पाणी, ब्लीच आणि पोछ्याचा दोरा, तिन्ही गोष्टी त्याच्या हातून झाल्या आणि तिन्ही वेळा त्याचा हेतू स्वच्छतेचाच होता. ही यंत्रणा कशी चालते हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी त्याला तो व्हॉल्व्ह हातात दिला, दोरा दाखवला. त्यानंतर पोछ्याची बादली डेकच्या स्कपरमध्येच (पाणी निघून जायचं भोक) गेली आणि ओले टिश्यू, कापूस, दातांचा दोरा टॉयलेटमध्ये टाकू नका, हे तो स्वतःच केबिनमध्ये सांगू लागला.

रिकाम्या केबिनची टॉयलेट आठवड्यातून एकदा फ्लश करायची, हे आता यादीत आहे. किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरायला वीस मिनिटं लागतात.

एका निर्णयाबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. क्षार फक्त त्या दीड मीटरमध्ये असेल हे शक्य नव्हतं. बाकीची स्टारबोर्ड लाइन उघडून पाहायची की सौम्य डोसवर सोडायची? बंदर जवळ होतं, मी डोसवर सोडली. पुढच्या दोन महिन्यांत चार वेळा क्षाराचे पोपडे पंपाच्या कटरमध्ये (मैला बारीक करणारी पाती) आले, एकदा कटर अडकलाही. उघडली असती तर दोन दिवस दहा टॉयलेट बंद राहिली असती. पुन्हा त्याच जागी उभा राहिलो तर निदान पुढचं वळण उघडून पाहीन आणि मग ठरवीन.

उतरताना मी हँडओव्हरमधली जुनी ओळ काढली. त्याजागी सेटिंगचे दोन आकडे लिहिले, ते का बदलायचे नाहीत ते लिहिलं आणि लॉगमध्ये एक रकाना आखून दिला: रात्री दोन ते तीन, पंप थांबल्यापासून पुन्हा लागेपर्यंत किती मिनिटं. माझ्या शेवटच्या रात्रीची नोंद ४७ होती.